तरस माफीचा साक्षीदार होतो

एका जंगलात, बाळांनो, कायद्याचं राज्य होतं. हसू नका, खरंच होतं. तिथे एके दिवशी सशाचा खून झाला आणि पकडला गेला साळिंदर.

साळिंदर बिचारा कंदमुळं खाणारा. पण सशाच्या बिळाजवळ त्याचा एक काटा सापडला. "अहो, माझे काटे सगळ्या रानात गळतात," तो म्हणाला. "ते खटल्यात सांग," असं उत्तर मिळालं.

खटला उभा राहिला. न्यायासनावर होता गवा. मोठा न्यायी प्राणी. रवंथ केल्याशिवाय निकाल देत नसे.

"पुरावा?" गव्याने विचारलं.

तरस पुढे आला. त्याच्या मिशांना अजून सशाचे केस चिकटलेले होते. "महाराज, आम्ही दोघांनी मिळून मारला. बेत साळिंदराचा. मी नुसता सोबत गेलो." एवढं बोलून त्याने ढेकर दिला, डोळे पुसले आणि माफी मागितली. तीही लगेच मिळाली.

"महाराज, याच्या मिशा तरी बघा!" साळिंदर कळवळून म्हणाला.

"बघितल्या. म्हणजे तो तिथे होता. त्याचं ऐकायलाच हवं. आता तू सांग, हाडं कुठे पुरलीत?"

"मला काय ठाऊक?"

"तरसाला ठाऊक आहे. मग खोटं कोण बोलतंय?"

तरी गव्याला कायदा पाठ होता. साथीदाराच्या एकट्याच्या शब्दावर कुणाला फासावर द्यायचं नाही. दुजोरा हवा.

मग आला पोपट. दुजोऱ्याला एकुलता एक साक्षीदार. हा तरसाच्या गुहेवरच्या फांदीवर राहायचा. त्याने डोळे मिटून घडाघडा म्हटलं, "महाराज, आम्ही दोघांनी मिळून मारला. बेत साळिंदराचा. मी नुसता सोबत गेलो." आणि ढेकरही दिला.

गव्याला गहिवरून आलं. "शब्दाला शब्द जुळला, ढेकराला ढेकर! असा दुजोरा उभ्या हयातीत पाहिला नाही."

साळिंदराच्या घरी लहान पिल्लं होती. "महाराज, मी तिथे नव्हतो हो!"

"तू नव्हतास, हे कुणी पाहिलं?"

"सशानं."

"मग त्याला हजर कर," गवा शांतपणे म्हणाला.

ससा काही हजर झाला नाही. साळिंदराला फाशी झाली. तरस सांत्वनाला त्याच्या घरी गेला. पिल्लं चांगली गुबगुबीत होती.

तात्पर्य: न्यायासनापुढे नेहमी खरं बोलावं, बाळांनो. पण सांगण्याजोगं खरं आधी जवळ असावं लागतं. म्हणून खुनाच्या जागी वेळेवर पोचत चला. घरी बसणाऱ्यांचे कोर्टात फार हाल होतात.