आधी आलेल्याचा हक्क

इल्पो कुओप्पालाच्या घरात विंडोज आलं ते भरतकामाच्या मशीनमुळे. त्याची बायको राइली निवृत्त झाली, तेव्हा शाळेतल्या सहकाऱ्यांनी वर्गणी काढून तिला ते मशीन भेट दिलं होतं, आणि नक्षी आखायचा त्याचा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालत होता. इल्पोच्या संगणकावर मात्र गेली वीस वर्षं लिनक्स होतं. आपल्याच फिनलंडच्या मातीत जन्मलेलं, फुकट आणि कधी न कुरकुरणारं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. सुदैवानं त्याच्याकडे फारसं कोणी येत नसे.

"मग मी नक्षी काय भिंतीवर काढू?" राइलीनं विचारलं.

"दोन्ही नांदतील. एकाच डिस्कवर, अर्धं अर्धं."

"सवतींसारखं?"

"भाडेकरूंसारखं," इल्पो म्हणाला.

दोन्ही ठेवायची तर आधी विंडोज बसवावं आणि मागाहून लिनक्स, असं जाणकार सांगतात. इल्पोनं ते वाचलं होतं आणि त्याला ते मुळीच पटलं नव्हतं. आधी आलेल्याचा हक्क आधी, हे त्याचं तत्त्व. ते त्यानं सौनावरून घेतलं होतं. ताम्पेरेतल्या अठरा बिऱ्हाडांच्या त्या सोसायटीचा तो अध्यक्ष. तळघरात सौना, म्हणजे गरम वाफेची खोली, एकच. प्रत्येक बिऱ्हाडाला आठवड्यातून एक तास, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. माणसं नवरा बदलतील पण सौनाची वेळ बदलणार नाहीत. ही यादी इल्पोच्या संगणकात असे. सप्टेंबरची नवी यादी गुरुवारी दारावर लावायची होती, म्हणून वाफेनं पिवळा पडलेला जुना कागद त्यानं रविवारीच काढून रद्दीत टाकला.

सोमवारी तो कामाला लागला. घरात पेनड्राइव्ह एकच, आणि त्यावर यादीची प्रत होती. पण मूळ यादी संगणकात सुखरूप असताना प्रतीचं काय लोणचं घालायचंय, असं म्हणून त्यानं तो पुसला आणि त्यावर विंडोज घेतलं. लिनक्सला अर्ध्या डिस्कवर सरकवलं, उरलेल्या अर्ध्यावर विंडोज बसवलं. सगळं बिनबोभाट पार पडलं. मग संगणक बंद करून पुन्हा चालू केला, तर विंडोज आलं. परत केला, परत विंडोज. तिसऱ्या वेळी इल्पोनं मध्ये कॉफी पिण्याइतका वेळ जाऊ दिला. तरी विंडोजच.

"छान दिसतंय की," राइली म्हणाली.

"लिनक्स कुठाय?"

त्यानं डिस्कचा नकाशा उघडला. अर्ध्या भागाला नाव ना गाव.

"रिकामंच दिसतंय ते," राइली खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "पुसून टाक. माझ्या नक्ष्यांना जागा होईल."

"हात लावू नकोस!" इल्पो इतक्या मोठ्यानं ओरडला की राइलीनं आधी त्याच्याकडे आणि मग बंद खिडकीकडे पाहिलं. सदतीस वर्षांच्या संसारात त्यानं आवाज चढवल्याची ही दुसरी वेळ होती.

यादी गेली होती. अध्यक्षाच्या हातून गेली होती. हे कबूल करण्यापेक्षा तळ्यात उडी मारलेली बरी, असं इल्पोला वाटलं. मग त्याला युक्ती सुचली. प्रत्येकाला स्वतःची वेळ पाठ असतेच. जिन्यात भेटेल त्याच्याशी सहज गप्पा मारायच्या आणि हळूच वेळ काढून घ्यायची.

युक्तीत दोष एवढाच होता की त्या जिन्यात चाळीस वर्षांत कोणी कोणाशी सहज गप्पा मारल्या नव्हत्या.

मंगळवारी सकाळी पहिल्या मजल्यावरचा यूर्की कचऱ्याची पिशवी घेऊन उतरत होता. तो एकोणीस वर्षं तिथे राहत होता.

"काय यूर्की, कसं काय? हवा गार झाली, नाही?"

यूर्कीच्या हातातली पिशवी खाली आली. "कोण गेलं?"

"कोणी नाही रे. सहज विचारतोय. तुझी सौना कशी, चांगली तापते ना? कुठल्या वारी असते तुझी?"

"मंगळवारी सहाला," यूर्की म्हणाला आणि पिशवी तिथेच टाकून घरात गेला.

दुपारपर्यंत इल्पोनं चौघांना गाठलं. एकीच्या कुत्र्याचं कौतुक केलं. एकाला चक्क तब्येत विचारली. शेवटी चौऱ्याऐंशी वर्षांच्या हेल्वीबाईंसाठी त्यानं लिफ्टचं दार धरलं आणि हसला.

हेल्वीबाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं. "पाइप का?" त्यांनी हळूच विचारलं.

"कसले पाइप?"

"बरं बरं. सांगायचं नसेल अजून," असं म्हणून त्या वर गेल्या.

अध्यक्ष हसतोय म्हणजे एकच अर्थ: इमारतीचे पाइप बदलायचे ठरले. म्हणजे सहा महिने भिंती फोडलेल्या, घरात पाणी नाही, आणि प्रातर्विधीसाठी थंडीत अंगणातल्या प्लास्टिकच्या खोपट्यापुढे उभं राहायचं. बुधवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्यानं तळ्याकाठच्या झोपडीत हिवाळा काढायचं ठरवलं. कुत्रेवालीनं बहिणीकडे मुक्कामाची बोलणी केली. कोणीतरी न्हाणीघराच्या नव्याकोऱ्या फरशांकडे बघून रडल्याचंही कळलं. आणि संध्याकाळी सहाला इल्पोच्या दारावरची घंटा वाजली. बाहेर अकरा माणसं उभी होती, न बोलावता आलेली. ती बूट काढून, मोजे सावरत आत आली.

"खरं काय ते सांग, इल्पो," हेल्वीबाई म्हणाल्या. "पाइप कधी फोडणार?"

इल्पोनं सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. "पाइप ठणठणीत आहेत," तो म्हणाला. "सौनाची यादी गेली. माझ्या हातून. मी विंडोज बसवलं."

मग कुत्रेवाली मटकन सोफ्यावर बसली आणि खुदुखुदू हसायला लागली. "एवढंच? अरे, मी बहिणीच्या नवऱ्यालासुद्धा गोड बोलले रे!" त्या खोलीत जो सुटकेचा सुस्कारा निघाला, त्यानं पडदे हलले असतील. राइलीनं कॉफी टाकली, वेलचीचे पाव काढले. हेल्वीबाईंनी कागद मागवला आणि सगळ्यांना आपापल्या वेळा लिहायला लावल्या; जे आले नव्हते त्यांना फोन केले. इल्पोनं स्वतःची लिहिली: शुक्रवार, सात. सगळ्यांत शेवटी हेल्वीबाईंनी पेन घेतलं, जरा थांबल्या, आणि लिहिलं: शुक्रवार, आठ.

यूर्कीनं वेलचीचा पाव संपवला. आता त्यानं विचारलं, "गेली म्हणजे? विंडोज मागाहून बसवलंस ना?"

"हो."

"मग एफ बारा दाबून बघितलंस का? मशीन उठताना?"

इल्पोनं नकारार्थी मान हलवली. यूर्कीनं संगणक बंद केला, चालू केला, आणि एक कळ दाबली. काळ्या पडद्यावर दोन नावं आली. खालचं लिनक्सचं होतं.

"विंडोज मागून येतं आणि रांगेत पुढे जाऊन उभं राहतं," यूर्की म्हणाला. "तुझं लिनक्स मागे उभं होतं. कोणी बोलावतंय का बघत."

"मागून येऊन पुढे घुसतं?" इल्पो तापला. "आणि तुला हे सगळं कसं ठाऊक?"

"शाळांचे संगणक मीच दुरुस्त करतो. एकोणीस वर्षं."

"कधी बोलला नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

लिनक्स उघडलं. यादी जिथल्या तिथे होती, आणि इल्पोच्या छातीवरचा धोंडा उतरला. यूर्की पडद्यावरून वाचत गेला, इल्पो हातातल्या कागदाशी ताडून बघत गेला. अठरापैकी सोळा वेळा तंतोतंत जुळल्या. इल्पोचा ऊर भरून आला. अशी सरळ माणसं दुसरीकडे कुठे मिळतील!

"शुक्रवार सात," यूर्कीनं वाचलं. "हेल्वी. शुक्रवार आठ, कुओप्पाला."

"उलट वाचलंस तू," इल्पो म्हणाला आणि चष्मा लावून पुढे वाकला. उलट नव्हतं. हेल्वीबाईंना रात्री लवकर झोप येते म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच्या हातानं ती अदलाबदल टाइप केली होती, छापली होती, दारावर चिकटवली होती. आणि दर शुक्रवारी सातला टॉवेल खांद्यावर टाकून त्याच दारातून तो आत जात होता.

"हेल्वीबाई," तो कसाबसा म्हणाला, "सहा वर्षं! तुम्ही बोलला का नाहीत?"

हेल्वीबाईंनी कॉफीचा घोट घेतला.

"दारावर यादी होती ना," त्या म्हणाल्या. "म्हटलं, कधीतरी वाचशील."