‘हुशार’ शब्दाला आधार नाही

सासऱ्यांनी जावयाला अखेर हुशार म्हटलं. भर सभेत, साठ माणसांसमोर, माइकवर! पण तसं काही झालंच नाही असं धरून चला. शब्दकोशाच्या कचेरीचं म्हणणं तेच आहे, आणि कचेरीपुढे कुणाचं चालतं?

जावई त्याच कचेरीत उपसंपादक. सहकारी त्याला ‘बॉयलर’ म्हणत, कारण तो सकाळी दहालाच उकळायला लागे आणि संध्याकाळी घरी जातानाही वाफ सोडत जाई.

उकळण्याचं कारण एकच. नऊ वर्षांपूर्वी लग्न ठरताना सासऱ्यांनी, म्हणजे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी, चष्म्यावरून बघत शेरा मारला होता, “मुलगा होतकरू आहे.” मुलगा आता चाळिशीला टेकला, कपाळ सरकत सरकत टाळूपर्यंत पोचलं, तरी शेरा तोच! शेजारचा कुत्रा हुशार. नवा कुकर हुशार. जावई होतकरू!

अशात ‘ह’ अक्षराचं काम बॉयलरकडे आलं. ‘हुशार’ या एका शब्दावर त्याने अकरा आठवडे काढले आणि एका संध्याकाळी धापा टाकत घरी, म्हणजे सासऱ्यांच्याच घरी, आला.

“बाबा, हुशार शब्द फारसीतून आलाय! होश म्हणजे शुद्ध, भान. हुशार म्हणजे मुळात भानावर असलेला, सावध! अक्कल वगैरे नंतर चिकटली. तापातून उठल्यावर आपण म्हणतो ना, आज जरा हुशारी वाटतेय? ती हीच!”

“बरं. मग?” सासरे पेपरामागून म्हणाले.

“मग काय! मी रोज सहाला उठतो, दिवसभर डोळे उघडे असतात. मूळ अर्थाने मी गेली नऊ वर्षं हुशार आहे!”

“मूळ अर्थाने डासही हुशार आहे, जावईबापू. पण कोशात काम करायला लागला की त्यालाही मी होतकरूच म्हणेन.”

बायको पदराआड फस्सकन हसली. बॉयलरच्या कानांतून अक्षरशः शिट्टी वाजायची बाकी राहिली!

इथे कचेरीची पद्धत सांगायला हवी. एका शब्दाला एक कार्ड. पुढे अर्थ, मूळ आणि एक उदाहरणाचं वाक्य. मागे ‘आधार’, म्हणजे हे वाक्य मी खरोखर ऐकलंय किंवा ही गोष्ट खरी आहे, असं सांगणाऱ्या माणसाची सही; आधार कोशातही वाक्यापुढे छापला जातो. आधार नाही तर वाक्य नाही! प्रमुख संपादक या बाबतीत इतके कडक, की ‘सूर्य’ शब्दाचं उदाहरण त्यांनी स्वतः गच्चीवर जाऊन तपासलं होतं.

दुसऱ्या दिवशी बॉयलरने कार्डं लिहिली. लिहिली कसली, कोरली! ‘ह’च्या प्रत्येक वाक्यात सासरे. राग उतरला की बदलू, असं त्याने ठरवलं होतं. एकाच कार्डावर मात्र ठेवणीतल्या अक्षरात लिहिलं : ‘हुशार – माझे जावई फार हुशार आहेत.’

राग उतरायच्या आत ताप चढला. बॉयलर दहा दिवस पांघरुणात बडबडत पडला. छपाई तोंडावर आलेली, सह्या राहिलेल्या. तेव्हा प्रमुख गठ्ठा घेऊन घरीच आले. बॉयलरने त्यांना बघितलं आणि “दूधवाले, आज अर्धाच लिटर” एवढंच सांगितलं. मूळ अर्थाने तो तेव्हा अजिबात हुशार नव्हता.

मग सह्यांना बसली बायको.

“हे खरंय. हेही खरंय. हे तर परवाच झालं, साहेब.” सही, सही, सही. ‘हुशार’वर येऊन पेन थांबलं. “असं बाबांना म्हणताना मी कधी ऐकलं नाही हो. खोटी सही कशी करू?”

“शाबास!” म्हणत प्रमुखांनी त्या वाक्यावर लाल पेन्सिल ओढली.

प्रकाशनाला कुटुंबीयांना आमंत्रण होतं. प्रमुखांनी आदराने निवृत्त मुख्याध्यापकांना माइकवर बोलावलं, “चार शब्द आपल्या खणखणीत आवाजात वाचा.” बॉयलर हातातली प्रत चाळत होता; रागाच्या भरात लिहिलेली वाक्यं तशीच छापलेली दिसली आणि त्याचा ताप पुन्हा चढला.

“हावरा,” सासरे वाचू लागले. “‘पाहुण्यांसाठी काढलेलं शेवटचं बिस्कीट सासऱ्यांनी उचललं.’ हा हा! असतात असे सासरे!”

साठ माणसं हसली.

“हुकूम. ‘नळ कसा बंद करावा याचे सासरे रोज हुकूम सोडतात.’ हं. हुशार... याला उदाहरणच नाही?”

“आधार मिळाला नाही,” प्रमुख म्हणाले.

“हेकट. ‘भिंतीवरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे आहे हे हेकट सासऱ्यांना मान्य नाही.’” आवाज खाली आला. घड्याळ ओळखीचं होतं. “होतकरू. ‘चाळिशीच्या जावयाला होतकरू म्हणणाऱ्याचे डोळे तपासावेत. आधार : सासऱ्यांची मुलगी.’”

मग जो स्फोट झाला त्याने माइक कुई करून ओरडला.

“मला? भर सभेत? फार हुशार आहात, जावईबापू! फार हुशार!”

आणि बॉयलरचा नऊ वर्षांचा राग एका क्षणात निवला! डोळे भरून आले. खिशातलं कोरं कार्ड काढून, वाक्य खरडत तो धावतच माइकपाशी गेला.

“बाबा! मागे सही!”

सासऱ्यांनी कार्डाचे चार तुकडे केले. “मी असं काही म्हणालोच नाही!”

बॉयलर साठ माणसांपुढे पेन घेऊन फिरला. हसण्याच्या गोंधळात कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. बायकोने, “मी तेव्हा चप्पल शोधत होते,” असं सांगितलं. प्रमुखांनी मान हलवली, “बोलणाराच नाकारतोय. नोंद होणार नाही.”

सध्या बॉयलर कचेरीतल्या बाकावर झोपतो. टेबलावर त्याचा अर्ज आहे :

‘मा. प्रमुख संपादक यांस, सविनय सादर. पुढील मुद्रणापूर्वी अर्जदाराच्या सासऱ्यांनी दोन साक्षीदारांसमोर, चेहऱ्यावर राग न आणता, “माझे जावई हुशार आहेत” हे वाक्य किमान एकदा उच्चारून कार्डामागे सही करावी, असा आदेश कचेरीने आपल्या शिक्क्यानिशी काढावा. आणि आदेशाची प्रत भिंतीवरच्या घड्याळाखाली लावण्यासाठी अर्जदारास फक्त पाच मिनिटं घरात घ्यावं, ही नम्र विनंती.’