महेमूदचा डाव आणि स्टँडवरचा ओटा

स्केटबोर्डची कला कळणारा माणूस राजुरात एकच, तो म्हणजे मी. मी शाळामास्तर. स्वतः बोर्डावर चढलो तर हाडं गोळा करावी लागतील, पण २००३ साली केबल आली आणि पाहून पाहून नजर तयार झाली. उडी कुणीही मारेल, खरी कारागिरी कडेवर! चाकांमधली लोखंडी दांडी दगडाच्या धारेवर टेकवून ओटाभर घसरत जायचं आणि शेवटी गिरकी घेऊन अलगद उतरायचं. आमच्या वेल्डर महेमूदनं बोर्ड घरीच जोडला आणि आठ महिने हा एकच डाव घोटला. लोक म्हणायचे, "पडत तर न्हाई, मंग बघायचं काय?"

"गुर्जी, बस झालं," महेमूद एकदा म्हणाला. "तुमी सोडून एकानं तरी बराबर वळखलं तर ठेवतो. न्हाई तर बोर्ड भंगारात."

मला फार वाईट वाटलं. चतुर्थीला गणपतीला गर्दी लोटते, तेव्हाच दाखवू म्हटलं. स्टँडजवळचा नवा ओटा हेरला. पण फरशीची कड खरबरीत, दांडी अडकणार. त्यावर इलाज मेण. तीन दिवस पहाटे गुडघे टेकून मी त्या कडेवर मेणबत्ती घासली.

चतुर्थीला जाऊन पाहतो तर कडेवर हळदीकुंकू, फुलं, नारळ! शेजारी, रोज पहाटे स्टँड झाडणाऱ्या सगुणाबाई हात जोडून बसलेल्या.

"गुर्जी, तीन दिस बघून राह्यले तुमाला. शिकलेला माणूस उगं गुडघे टेकत न्हाई. काय दिसलं तुमाला हितं?"

"मावशी, ते मेण बोर्ड घसरावा म्हणून..."

"बोलू नका. दर्शन सांगितलं की त्याचं पुण्य जातं म्हणत्यात."

महेमूद बोर्ड काखेत मारून आला. त्यानं ओट्याकडं पाहिलं आणि चपला काढल्या. "न्हाई गुर्जी. आता ह्याच्यावर चाक बिलकुल लावणार न्हाई."

मी रडकुंडीला आलो. दुपारपर्यंत ओट्याच्या दर्शनाला रांग लागली. सरपंच रामराव म्हणाले, "उघड्यावर हाय, शेरडं चढतील. महेमूद, कठडा करतो का?"

आठ दिवसांत कठडा उभा राहिला. रामरावांनी एकेक सांधा बोटानं चाचपला. "जोड कुठं हाय, कळंना. ह्याला म्हणत्यात कारागिरी!" सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या.

महेमूदचे डोळे भरून आले. "गुर्जी, वळखलं लोकांनी," तो म्हणाला. "आता बोर्ड कशाला?" बोर्ड त्याच संध्याकाळी भंगारात गेला.

दर चतुर्थीला त्या ओट्याची आरती मीच करतो. एकदा चुकवली, तर सगुणाबाई घरी आल्या आणि रडत विचारू लागल्या, आमचं काय चुकलं?