घ-चार नंबरची बाटली

बाटली उघडून नुसता वास घ्यायचा आणि झाकण परत लावायचं, एवढंच हेडक्लार्कांनी ठरवलं होतं. पुढचं सगळं त्यातून झालं.

हेडक्लार्क जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत होते. सत्तावीस वर्षं लोकांचे दाखले तपासून स्वभावच असा बनला होता, की कुणी नुसतं "नमस्कार" म्हणालं तरी ते मनातल्या मनात पुरावा मागत. कचेरीत त्यांना शंकासुर म्हणत. (हे त्यांना ठाऊक होतं. नेमकं कोण म्हणतं, याची चौकशी चालू होती.)

त्यांची लेक एम.एस्सी. करत होती आणि तिला वर्षभराची फेलोशिप मिळाली होती. काम असं, की गावाबाहेरच्या तळ्यात पूर्वी पट्ट्यापट्ट्यांचा एक बोटभर मासा असायचा. गेल्या बारा वर्षांत तो कुणाला दिसला नव्हता. तो अजून आहे का, हे जाळं न टाकता शोधायचं. कुठलाही जीव पाण्यात वावरला की त्याच्या अंगाचे कण पाण्यात सुटतात. पाणी गाळून त्या कणांतला डीएनए वाचला, की तिथे कोण कोण राहतं ते कळतं. मासा असला तर तळं राखीव होणार होतं. नसला तर निम्मं बुजवून गाड्या लावायला जागा करणार होते.

"म्हणजे मासा न बघता माशाचा दाखला?" हेडक्लार्क म्हणाले होते. "आमच्याकडे नाही चालायचं हे."

त्या शनिवारी लॅबचा फ्रीज बंद पडला आणि तळ्याच्या पाण्याच्या सहा बाटल्या एका दिवसापुरत्या घरच्या फ्रीजमध्ये आल्या. दुपारी हेडक्लार्क अर्धा दिवस भरून घरी पोचले. चपला काढत असतानाच आतून लेकीचा फोनवरचा आवाज आला.

"नाही मॅडम, बापाचं काहीच कळणार नाही. ही चाचणी फक्त आईची बाजू दाखवते. बाप कुणीही असू शकतो."

एक चप्पल हेडक्लार्कांच्या हातातच राहिली.

"हो, आईला सांगितलंय. बाबांना नाही. ते उगाच शंभर प्रश्न विचारत बसतील."

बायकोवर हेडक्लार्कांचा तिळमात्र संशय नव्हता. संशय होता तो स्वतःवरच. असल्या हुशार पोरीचा बाप आपण असूच कसे शकतो, हा प्रश्न त्यांना तिच्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकापासून सतावत होता. आता तो तिलाही पडलेला दिसत होता.

ते स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीज उघडून उभे राहिले.

"अहो, त्या बाटल्यांना हात लावू नका हं," बायको म्हणाली.

"कुठल्या बाटल्या?"

"ज्यांच्याकडे टक लावून बघताय त्या."

"काय आहे त्यांत?"

"पाणी."

"कुणाचं?"

"पाणी कुणाचं असतं?" असं म्हणून ती वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेली.

सरळ उत्तर टाळलं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हाताला लागली ती बाटली उचलली. चिठ्ठीवर नुसतं 'घ-४' होतं. नाव नाही, गाव नाही. झाकण उघडून वास घेतला. वास कसलाच नव्हता, आणि हेच त्यांना जास्त संशयास्पद वाटलं. म्हणून बोट बुडवून पाहिलं. पाणी गार होतं. एवढीच माहिती हाती लागली.

पुढचे तीन आठवडे ते लेकीशी मोजून मापून बोलत होते. आणि एका संध्याकाळी लेक रडवेला चेहरा करून घरी आली. पाठोपाठ तिच्या गाईड मॅडम.

"तुमचा फ्रीज बघायचाय," मॅडम म्हणाल्या. "घ-चारमध्ये बांगडा निघालाय. समुद्र इथून कुठल्या कुठे. गोड्या पाण्याच्या तळ्यात बांगडा आला कुठून?"

"फ्रीजमधून नाही," बायको ठामपणे म्हणाली. "डॉक्टरांनी यांचं तळलेलं बंद केल्यापासून दीड वर्षात घरात मासा आलेला नाही."

"मग नमुना हिच्याच हातून बिघडला, असं लिहावं लागेल. फेलोशिप थांबेल."

लेक ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिली. लहानपणी न केलेल्या चुकीबद्दल बोलणी खाताना ती अशीच उभी राहायची. हेडक्लार्कांना ते बघवेना.

"बाटली मी उघडली," ते म्हणाले. "बोट बुडवलं."

"पण बांगडा?" मॅडमनी विचारलं.

हेडक्लार्कांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा दाराकडे. दार लांब होतं.

"कचेरीमागे एक गाडी लागते. त्या दिवशी... एक खाल्ला होता."

"एक?" बायको म्हणाली.

"दोन."

"त्या दिवशीच?"

"दर शनिवारी."

मॅडम मध्ये पडल्या. "पण बोट का बुडवलंत?"

मग त्यांना फोनचं सगळं सांगावं लागलं. सांगून संपलं, तेव्हा लेक रडता रडता हसायला लागली होती.

"अहो बाबा, माशाचा बाप! डीएनएचा जो तुकडा आम्ही वाचतो, तो आईकडूनच येतो. दोन जातींच्या माशांचं पिल्लू असलं तर बाप कळत नाही, एवढंच म्हणत होते मी. आणि तुम्हाला सांगितलं नाही ते बाटल्यांचं."

"म्हणजे तुला माझ्याबद्दल शंका नव्हती?"

"तुमच्याबद्दल? मला तर गाळलेल्या पाण्याचीसुद्धा येते. आणखी कुणाची असणार मी?"

हेडक्लार्कांनी नाक शिंकरलं. (सर्दी झाल्याचं त्यांनी मोठ्यानं जाहीर केलं.) मग मॅडमपुढे बसून, बांगड्यांच्या संख्येसकट, तीन प्रतींत कबुलीजबाब लिहून दिला. घ-चारच्याच जागी भरलेल्या जुळ्या बाटलीतलं पाणी गाळून तो गाळणकागद मॅडमनी दुसऱ्या लॅबमध्ये गोठवून ठेवला होता. तो तपासला. त्यात बांगडा नव्हता. पट्ट्यापट्ट्यांचा बोटभर मासा मात्र होता. तळं वाचलं, फेलोशिपही वाचली.

छापील अहवाल घरी आला, तेव्हा हेडक्लार्कांनी आधी आभाराचं पान उघडलं. नावाडी होता, रिक्षावाला होता, 'फ्रीज दिल्याबद्दल आई' होती.

"मी कुठेच नाही यात," ते शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले.

"आहात ना बाबा. पान सदतीस."

त्यांनी चष्मा लावला आणि पान सदतीस काढलं. वगळलेल्या नमुन्यांचा तक्ता होता. घ-४. बाद. कारण : वडील.

हेडक्लार्कांनी ती ओळ दोनदा तपासली. दुरुस्ती सुचवण्यासारखं काही सापडलं नाही.