दारांचं काहीतरी करा

रविवारी दुपारी नियमकारांनी जेवणाचं टेबल तिसऱ्यांदा पुसायला घेतलं, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, प्रकाशक येणारेत, सर्जन नाही."

"आज सगळं ठरणार आहे."

"ठरू दे. सगळे आले, की मी पोहायला निघते. सातला येते."

नियम रचणं हे काही त्यांचं पोटापाण्याचं काम नव्हे. त्यासाठी ते पाणीपुरवठा खात्यात पाइपांचे नकाशे काढतात. पण पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी एक खेळ रचला. चार-पाच मोठी माणसं टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले पहिलवान, चोर, मांत्रिक होतात आणि काही करायचं झालं, की वीस बाजूंचा फासा टाकून ते जमलं का ते बघतात. या खेळाच्या नियमांचं पुस्तक निघालं, संपलं, आणि आता दुसरी आवृत्ती निघायची होती. नियमकार आणि प्रस्तुत लेखक एकच चष्मा वापरतात, हेही इथेच सांगून टाकतो. तिसऱ्याच माणसाबद्दल बोलतोय असं दाखवलं, की लाज जरा हप्त्याहप्त्याने वाटते.

प्रकाशक मॅडमची अट साधी होती. "नियम तोलूनमापून हवेत. हल्लीचे खेळणारे एक चूक सोडत नाहीत. पण जुनी मजा तसूभरही कमी झालेली चालणार नाही. मी स्वतः बसून बघणार. आवडलं तर छापते, नाहीतर खेळाला रामराम."

नियमकारांनी आठ महिने नियम घासले. सगळ्यात जास्त घासले ते दारांचे. जुन्या नियमात बंद दार लागलं, की प्रत्येकाने आळीपाळीने एक उपाय सांगायचा आणि फासा टाकायचा. फसलेला उपाय पुन्हा चालायचा नाही. त्यामुळे एकेका दारापुढे मंडळी तासन्‌तास हुज्जत घालायची, आणि पंधरा वर्षं दर रविवारी उठताना एकच तक्रार करायची, "त्या दारांचं काहीतरी करा हो!" नियमकारांनी अकरा रविवार घड्याळ लावून मोजलं. चार तासांच्या खेळात दोन तास चाळीस मिनिटं दारांपुढे जात होती. मग त्यांनी दारांची सहा पानं काढून तिथे एक ओळ लिहिली: 'संघात पहिलवान असल्यास दार उघडते.' ही ओळ सुचली त्या दिवशी ते ऑफिसात उगाचच सगळ्यांशी गोड बोलत होते.

तीनला मंडळी जमली. दातांचे डॉक्टर, अंगाने अगदी काडी, ते पंधरा वर्षं पहिलवान. निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई, त्या चोर. बायकोचा धाकटा भाऊ मांत्रिक. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर वही घेऊन मॅडम. सगळे बसले, तशी बायको पिशवी घेऊन पोहायला गेलीसुद्धा.

"राजपुत्राला सात दारांच्या किल्ल्यात कोंडलंय," नियमकारांनी आवाज खोल केला. "तुमच्यापुढे पहिलं दार आहे."

"बंद?" बाईंनी हौसेने विचारलं.

"बंद. पण डॉक्टर आहेत ना, म्हणजे उघडलं."

"फासा नाही टाकायचा?" डॉक्टर म्हणाले.

"नाही. तुमचंच तर म्हणणं होतं."

"हो, ते होतंच," डॉक्टर म्हणाले आणि हातातला फासा त्यांनी खाली ठेवला.

दुसरं दार उघडलं, तिसरं उघडलं. जुन्या नियमांनी हा किल्ला घ्यायला तीन महिने लागले असते. नव्या नियमांनी राजपुत्र पस्तीस मिनिटांत घरी पोचला. त्याच्याही तोंडावर, नियमकारांना वाटलं, थोडं आश्चर्य असावं.

"झालं?" मेहुण्याने विचारलं.

"छे, छे! आता राजपुत्राला पुन्हा पळवलंय," नियमकार घाईघाईने म्हणाले. या वेळी तो नऊ मिनिटांत सुटला. तिसऱ्यांदा पळवायची मात्र त्यांची छाती झाली नाही.

मग टेबलावर जी शांतता पसरली, ती त्या घराने रविवारी कधी ऐकलीच नव्हती. पंधरा वर्षांचे स्नेही, पण दारांखेरीज दुसऱ्या कशावर एकमेकांशी बोललेलेच नव्हते.

"मग, बाकी काय?" डॉक्टर म्हणाले.

"बाकी ठीक," बाई म्हणाल्या. "तुमचं?"

"दातच."

मॅडमनी वही मिटली. तिच्यात त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. "छान आहे. अगदी तोलूनमापून आहे. कळवते मी," असं म्हणून त्या उठल्या. प्रकाशकाचं 'कळवते' म्हणजे काय, हे नियमकारांना पक्कं ठाऊक होतं. आठ महिने खपून आपण स्वतःच्या हाताने आपला खेळ मारला, एवढंच त्यांना कळत होतं.

मॅडमनी दार ओढलं. ते हललं नाही.

"बाहेरून कडी आहे," नियमकार ओशाळून म्हणाले. मागे एकदा खेळाच्या रंगात दार उघडं राहिलं होतं आणि पॅसेजमधली सायकल कोणीतरी टेबलासमोरून नेली होती. कोणाचंच लक्ष गेलं नाही. तेव्हापासून बायको जाताना बाहेरून कडी घालत असे. सातच्या आत कोणी उठत नाही, हा पंधरा वर्षांचा अनुभव होता. तो अनुभव नियमकारांनी आज दुपारीच मोडीत काढला होता.

"म्हणजे मी सातपर्यंत इथे?" मॅडमचा आवाज चढला. "शेजाऱ्यांना हाका मारा!"

मारल्या. पण रविवारी या घरातून 'वाचवा, वाचवा' ऐकू येणं शेजाऱ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी फक्त खिडकी लावून घेतली.

"थांबा, मी ताईच्या तलावावर फोन करतो," मेहुणा म्हणाला. तिथल्या माणसाने निरोप पोचवला आणि उत्तरही आणलं. मेहुण्याचा चेहरा पडला. "भावोजी, ताई म्हणाली, दर रविवारी कोणीतरी अडकलेलंच असतं. सातला बघू."

"सरका बाजूला," डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या आणि दोन पावलं मागे जाऊन दाराला खांदा मारला. दाराला काही झालं नाही. डॉक्टर खाली बसले.

"अहो, दार आत उघडतं," बाई म्हणाल्या. "धक्का कसला मारताय? पंधरा वर्षं असंच फोडत होतात का?"

"मग तुम्ही उघडा! चोर ना तुम्ही?"

बाईंनी पर्समधून लोखंडी पट्टी काढली, दाराच्या फटीत घातली आणि कडी वर ढकलू लागल्या. पट्टी आखूड पडली. मेहुण्याने तिला चमचा बांधायचा सल्ला दिला. डॉक्टर म्हणाले, चमच्यापेक्षा दात काढायचा चिमटा बरा, पण तो दवाखान्यात आहे. बाई म्हणाल्या, मग सांगता कशाला. आवाज वाढले. नियमकार मध्ये पडले, तर तिघांनी त्यांना एकदमच गप्प केलं.

"हे बघा, गोंधळ नको," मेहुणा म्हणाला, आणि टेबलावरून फासा घेऊन आला. "जास्त पडेल त्याची पाळी."

मॅडम आतापर्यंत चपलांच्या कपाटावर तोंड फुगवून बसल्या होत्या. बाईंनी पट्टी पुन्हा फटीत घातली, तशा त्या ताडकन उठल्या. "ओ बाई! पट्टी एकदा झालीय. फसलेला उपाय पुन्हा नाही!"

"मघाशी सरळ घातली होती, आता तिरकी घालतेय!"

"तिरकी असली तरी पट्टीच. मी पहिली आवृत्ती पाठ केलेली आहे, मला शिकवू नका."

त्यानंतरचे दोन-अडीच तास कसे गेले, ते नियमकारांना नीट सांगता येणार नाही. पडद्याची दोरी झाली, छत्रीची तार झाली, बिजागऱ्यांना तेल घालून झालं. डॉक्टर दुखऱ्या खांद्यासकट जमिनीवर आडवे होऊन फटीतून डोकावत होते. मॅडमचा अंबाडा सुटला होता. शेवटी बाईंनी छत्रीच्या तारेला वाक दिला आणि कडी वर सरकली, अर्धी, पाऊण...

आणि दार उघडलं. बाहेर बायको उभी होती, केस ओले, हातात पिशवी.

"सात वाजले," ती म्हणाली.

"अहो, लावा ते दार!" बाई ओरडल्या. "आत्ता कुठे जमत होतं!"

"ताई, लाव गं! बोटभर राहिली होती!"

"कडी नीट घाला, पहिल्यासारखी," जमिनीवरून डॉक्टर म्हणाले.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मॅडमकडे पाहिलं.

"मॅडम," नियमकारांनी चाचरत विचारलं, "मग नव्या आवृत्तीचं काय?"

"काढलेली सहा पानं परत घाला, मग छापते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी स्वतःच दार आतून लोटलं आणि बाहेर कडी पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबल्या. "आता सरका. माझी पाळी आहे."