रिकाम्या खोलीतला साडू

येरमाळ्याजवळच्या सत्यप्रभा सहकारी साखर कारखान्यात कुणाचा ऊस कधी तोडायचा, हे सॉफ्टवेअर ठरवत असे. आणि ते सॉफ्टवेअर फक्त शेतकी अधिकारी बलभीमरावांच्या कॉम्प्युटरवर चालत असे. बाकीच्या गट ऑफिसांत ते उघडताच मान टाकी. हंगाम तोंडावर आला होता. "सगळीकडं चाललं तर कायम, न्हाय तर रामराम," या अटीवर दीपमालाला कंत्राटी नेमणूक मिळाली.

तिनं कॉम्प्युटरच्या आतच एक रिकामी खोली केली. बाहेरची वाट बंद. सॉफ्टवेअरला जे लागतं ते आधी लिहायचं, तेवढंच आत न्यायचं आणि तिथं ते नव्यानं बांधायचं. तिथं बांधलं गेलं, तर कुठंही चालणार.

"बाहेरचं काईच न्हाय?" बलभीमराव तंबाखू मळायचे थांबले. "मग चालंल कसं, बाई?"

"अडलं की कळेल ना साहेब, काय लिहायचं राहिलंय."

अडलंच. पडद्यावर उमटलं : 'साडू' सापडत नाही.

या नावाची फाईल बलभीमरावांच्या कॉम्प्युटरवर होती. आधी चेअरमन अमरसिंहांच्या साडूचा ऊस, मग लागवडीची तारीख, असा तो हिशोब होता. दीपमालानं साडू वगळला. सॉफ्टवेअर सगळ्या गट ऑफिसांत चाललं, आणि साडूचा ऊस तारखेप्रमाणं थेट शेवटच्या पंधरवड्यात गेला.

"सॉफ्टवेअर बिघडलंय," चेअरमन म्हणाले.

तातडीची सभा बसली. रिकाम्या खोलीचं धोरण टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं. फक्त 'अपरिहार्य बाबी' आत नेण्याची मुभा ठेवली. साडू अपरिहार्य ठरला. मागोमाग एका संचालकाचे व्याही आले, दुसऱ्याचा मेहुणा आला.

"आमचं कुणीच न्हाय ओ," संचालक सिद्धाराम खिन्नपणे म्हणाले. त्यांच्या भावी जावयासाठी जागा राखीव ठेवण्यात आली.

एकेकाला नेण्यात वेळ जातो, म्हणून शेवटी बलभीमरावांचा अख्खा कॉम्प्युटरच खोलीत उतरवला आणि पाटी लावली : 'आत बाहेरचे काहीही नाही.' सॉफ्टवेअर पहिल्या झटक्यात बांधून झालं.

खोली स्वच्छ असल्याच्या दाखल्यावर दीपमालाची सही तेवढी उरली. ती करायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. तेवढ्यात वडिलांचा फोन आला.

"बाळा, आपल्या उसाला तुरे आलेत, वजन घटायलंय. नंबरचं बघ की काई."

"आण्णा, मी असलं करत नाही."

"कर म्हणलं का म्या? बघ म्हणलं."

तिनं बघितलं. मग सही केली. मात्र विज्ञान शिकलेली मुलगी. इतरांसारखा गबाळेपणा तिला खपणारा नव्हता. तिनं अपरिहार्य बाबींच्या यादीत नीट नोंदवलं : 'वडील, आवृत्ती पहिली.' ती कायम झाली.

आता सॉफ्टवेअर सगळीकडं अगदी सारखं चालतं. तरीही तुमचा ऊस रानात उभा असेल, तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. तुमचाच कुणाला तरी फोन करायचा राहिला असेल.