भोंग्यातली उशी

विमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून चार हातांवर एक लोखंडी खांब होता आणि खांबावर गावच्या भोंग्यांपैकी त्यांच्या आळीचा भोंगा. पहाटे साडेपाचला सरपंच सोमनुक त्यातून आधी गाणं लावायचे, मग खाकरायचे आणि मग लसीकरण, हरवलेली म्हैस, देवळातलं जेवण असं सगळं दोनदोनदा सांगायचे. निवृत्त होऊन हॉलंडहून बायकोच्या गावी राहायला आलेल्या विमने तीन वर्षं हे सोसलं. चौथ्या वर्षी, एका दुपारी घरात कुणी नसताना, त्याने शिडी लावली आणि माळ्यावरची जुनी उशी भोंग्याच्या तोंडात कोंबली. पुढचे चार दिवस तो उन्हं अंगावर येईपर्यंत झोपला.

पाचव्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्यांची सहल होती, समुद्रावर. सासूबाई बुनमा सत्तरीच्या झाल्या तरी समुद्र त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. बस सातला सुटणार म्हणून साडेसहालाच त्या नवी चप्पल घालून ओट्यावर बसल्या. हातात चिकट भाताचा वेताचा डबा आणि समुद्राचं पाणी आणायला रिकामी बाटली. आळीतल्या फिनमावशी आणि चनमावशीही येऊन टेकल्या. साडेसात वाजले तेव्हा विमच्या बायकोने, लमदुअनने, सरपंचांना फोन लावला.

"बस?" पलीकडून टाळ्या आणि गाणी ऐकू येत होती. "अगं, ती पाचलाच सुटली! काल पहाटे भोंग्यावरून दोनदा ओरडलो की, वेळ बदलली म्हणून. तुमच्या आळीतलं एकही माणूस आलं नाही. आम्हाला वाटलं, रुसलात."

"मग आता मागे फिरा ना!"

"दीडशे किलोमीटर आलो, बाई!"

"भोंगाच बिघडलाय मेला," फिनमावशी म्हणाल्या. "उंदरांनी तार कुरतडली असेल."

विम खांब सोडून सगळीकडे बघत होता. बुनमांनी डबा उघडला, भाताकडे बघितलं आणि पुन्हा बंद केला.

"चला आई," तो म्हणाला, "मी नेतो."

बुनमा पिकअपमध्ये पुढे बसल्या, बाकीच्या मागे चटईवर. पण वाटेत देऊळ दिसलं की उतरून हात जोडायलाच हवेत, आणि देवळं काही थोडी नव्हती. प्रत्येक देवळापाशी कुणीतरी भाजलेली कोंबडी विकत असे. चौथ्या कोंबडीनंतर फिनमावशींना उलट्या सुरू झाल्या. दुपारी तीनला गाडी जेमतेम वाटेतल्या धरणापाशी पोचली, तेव्हा त्यांनी पत्र्यावर हात आपटला.

"मला घरी तरी न्या, नाहीतर इथेच जाळा!"

बुनमा उतरून काठाशी गेल्या. धुरकट उन्हात पलीकडची बाजू दिसत नव्हती.

"हाच का रे समुद्र?"

नुसतं हो म्हणायचा अवकाश होता. पूर्वी समुद्र बघून आलेल्या चनमावशींनीसुद्धा नजर वळवली. पण त्या नव्या चपलेकडे बघून विमला खोटं बोलवेना.

"नाही, आई. धरण आहे. आणि भोंगा बिघडला नव्हता. मी त्यात उशी कोंबली होती."

"ठाऊक आहे," बुनमा म्हणाल्या. "माझीच उशी. खालून अभ्र्यावरची फुलं दिसत होती."

"मग काढायला का नाही सांगितलंत?"

"तीस वर्षांत पहिल्यांदा उजाडेपर्यंत झोपले रे मी." त्यांनी बाटली धरणाच्या पाण्याने भरली. "म्हटलं, आणखी एक दिवस. मग आणखी एक."

घरी आल्या आल्या विमने उशी काढली. नंतर समुद्रावर नेऊ का, असं त्याने दहादा विचारलं. "समुद्र काय पळून जातोय? मला बसमध्ये सगळ्यांबरोबर गात जायचं होतं," एवढंच त्या म्हणायच्या. त्याला त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या वाटल्या असत्या. बाटली फडताळात तशीच राहिली. विम पाचला उठून खांबाखाली वही घेऊन उभा राहू लागला आणि ऐकलेलं दारोदार सांगू लागला.

वर्षभराने एका पहाटे सरपंच खाकरले. "यंदाची सहल डोंगरावर. पुन्हा सांगतो, समुद्र नाही, डोंगर."

विमला वहीत लिहवेना. मागे ओट्यावर बुनमा येऊन उभ्या होत्या. त्यांनी भोंग्याकडे बघितलं.

"विम," त्या म्हणाल्या, "ती उशी कुठे ठेवलीस?"